पिन बरोबर, तरी ‘चुकीचा पिन’: दर सोमवारचं दुखणं

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला की नाव न बघताच कळतं कुणाचा आहे. “बरोबरच घालायलेय की रे पिन, घेईना झालंय!” पलीकडं कॅशियर काकू, आणि त्यांच्या काउंटरपुढं पिग्मी एजंटांची रांग.

बेळगावातल्या एका लहानशा पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्राम मी सांभाळतो. पायथन या संगणकभाषेतला आहे, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत चालतो, उघडला की आधी नाव विचारतो आणि मग पिन. ही तक्रार मी वर्षभरात कितीतरी वेळा ‘सोडवली’ होती, म्हणजे दरवेळी नवा पिन करून दिला होता. आठवडा बरा जायचा, पुन्हा सोमवार, पुन्हा फोन. शेवटी काकू वैतागल्या, “माझं डोकं फिरलंय का तुझं मशीन, ते एकदाचं ठरव.” मग लॅपटॉप बंद केला, गाडी काढली आणि त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. फोनवरून जे वर्षात कळलं नाही ते तिथं अर्ध्या तासात कळलं.

पिन छापू नका, लांबी छापा

नाव किंवा रक्कम टाकताना बोट चुकलं तर पडद्यावर लगेच दिसतं. माणूस खोडतो, पुढं जातो. पिनच्या वेळी हा आरसाच काढून घेतलेला असतो. पायथनच्या गेटपासनं (पासवर्ड विचारायच्या तयार फंक्शननं) विचारलं की टाइप केलेलं काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. बोटानं दाबलं एक, कीबोर्डनं पाठवलं दुसरं, तरी कुणाला पत्ता लागत नाही. काकू बोटाची बाजू मांडतात, मी प्रोग्रामची, आणि मधल्या कीबोर्डला कुणी विचारतच नाही.

म्हणून तपासणीपुरत्या तीन ओळी घातल्या. हातात आलेल्या मजकुराची लांबी किती, त्यातली सगळी अक्षरं आस्कीतली (इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा यांच्या मूळ संचातली) आहेत का, आणि न छापता येणारी अक्षरं किती. पायथनमध्ये लांबीला लेन आहेच. आस्कीसाठी स्ट्रिंगवर इझआस्की आहे (आवृत्ती ३.७ पासून), आणि तिसऱ्या प्रश्नाला एकेका अक्षरावर इझप्रिंटेबल चालवायचं. प्रत्यक्ष पिन कुठंही छापायचा नाही, लॉग फाइलमध्ये तर मुळीच नाही. काकूंनी माझ्यासमोर पिन टाकला आणि पडद्यावर आलं:

लांबी: १२
सगळी आस्की: होय
न छापता येणारी: ६

पिन सहा आकड्यांचा, आणि प्रोग्रामच्या हातात बारा अक्षरं! काकूंचं डोकं ठिकाणावर होतं, हे इथंच सिद्ध झालं.

नमलॉकचा विझलेला दिवा

काकू आकडे वरच्या ओळीतून कधीच टाइप करत नाहीत. तीस वर्षं कॅल्क्युलेटर चालवलेला हात, तो उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावरच जातो. नमलॉक बंद असला की तोच चौकोन बाणांचा होतो: ४ म्हणजे डावा बाण, ८ म्हणजे वरचा बाण, ७ म्हणजे होम. रकमेच्या खिडकीत हे झालं तर आकडा उमटत नाही, काकू ‘हात्तिच्या’ म्हणून नमलॉक दाबतात. पिनच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे पिन विचारणाऱ्या ओळीवर, तसंही काही उमटत नसल्यामुळं त्यांना शंका यायचं कारणच नाही.

विंडोजवर गेटपास एकेक अक्षर वाचतो ते गेटडब्ल्यूसीएच या फंक्शननं. बाण, होम, एंड, एफ-१ अशा खास कळांना एक अक्षर पुरत नाही, म्हणून हे फंक्शन त्या कळांसाठी दोन वेळा उत्तर देतं. आधी एक खूण (अंक-चौकोनातून आली तर शून्य, बाणांच्या वेगळ्या कळांवरून आली तर २२४), आणि मग कळीचा क्रमांक. गेटपास मात्र फक्त एंटर, बॅकस्पेस आणि कंट्रोल-सी ओळखतो. बाकी जे येईल ते निमूटपणे पासवर्डात जोडत जातो. म्हणून ४ दाबला की आत एक न दिसणारं शून्य आणि त्याच्या मागं कॅपिटल ‘के’. ८ दाबला की शून्य आणि ‘एच’. सहा कळा, बारा अक्षरं, त्यातली सहा न छापता येणारी. हिशेब चोख जुळला.

आता सोमवारच का? शनिवारी-रविवारी लाइट जाते, इन्व्हर्टर उतरतो, मशीन पूर्ण बंद पडतं. सोमवारी ते थंड अवस्थेतून उठतं आणि नमलॉक बंद ठेवूनच उठतं. आठवड्याच्या मधे मशीन नुसतं झोपवलेलं असतं, त्यामुळं नमलॉक जसाच्या तसा राहतो. आणि माझा ‘नवा पिन’ लागू पडायचा तो यामुळं की मी फोनवर येईपर्यंत काकूंनी दुसऱ्या खिडकीत रक्कम टाकायला नमलॉक लावलेला असायचा. वर्षभर मी ज्याला उपाय समजत होतो तो निव्वळ वेळ काढणं होतं.

उपाय दोन बाजूंनी केला. पहिला मशीनवर: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) चालू वापरकर्त्याच्या कंट्रोल पॅनलखाली कीबोर्ड नावाची शाखा आहे, तिथल्या इनिशियल-कीबोर्ड-इंडिकेटर्सची किंमत २ केली की लॉगिन झाल्यावर नमलॉक चालू मिळतो. काही मशीनच्या बायॉसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) हीच सोय असते, तीही बघा. पण एका मशीनवर भरवसा ठेवून भागत नाही. उद्या दुसरा कीबोर्ड येईल, नाहीतर कुणी लॅपटॉप आणून ठेवेल.

म्हणून दुसरा उपाय प्रोग्राममध्ये. गेटपास काढून वीसेक ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. तेही गेटडब्ल्यूसीएचनंच वाचतं, पण आलेलं अक्षर शून्य किंवा २२४ निघालं तर पुढचं एक अक्षर वाचून दोन्ही फेकून देतं आणि ७ क्रमांकाचं अक्षर छापतं, म्हणजे मशीन बीप करतं. दर स्वीकारलेल्या अक्षराला एक चांदणी उमटते, बॅकस्पेसला एक जाते. कंट्रोल-सी मात्र विसरू नका. गेटडब्ल्यूसीएच ते स्वतःहून प्रोग्राम थांबवायला वापरत नाही, ३ क्रमांकाचं अक्षर म्हणून तुमच्या हातात देतं. ते आलं की कीबोर्ड-इंटरप्ट तुम्हीच उठवायचा, नाहीतर वापरणाऱ्याला प्रॉम्प्टमधून बाहेर पडायची वाटच राहत नाही.

पायथन ३.१४ असेल तर एवढा खटाटोप नको. त्यात गेटपासला एकोकॅर नावाचा पर्याय आलाय, त्याला चांदणी दिली की दर अक्षराला चांदणी उमटते. सहा कळा दाबून बारा चांदण्या दिसल्या की कुणीही थबकेल. लिनक्सवर हा पर्याय वापरला तर कंट्रोल-यू सारख्या ओळ पुसायच्या कळा चालत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. आमच्या काउंटरवर विंडोज ७ आहे, आणि त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, त्यामुळं वीस ओळी लिहिण्याला पर्याय नव्हता. चांदण्यांनी लांबी शेजारच्याला कळते हा आक्षेप बरोबर आहे. पण काउंटरवर सहा आकड्यांचाच पिन असतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तिथं लपवायचं काय?

गेल्या सोमवारी फोन आलाच. “टुक टुक वाजायलंय रे.” म्हटलं, काकू, नमलॉकचा दिवा बघा. “विझलाय. लावते.” फोन बंद. पंधरा सेकंद.

कीबोर्ड मराठीवर राहून गेला

सेक्रेटरींच्या टेबलावरचं दुखणं वेगळं निघालं. तिथं पासवर्डात इंग्रजी अक्षरं आहेत, आणि तपासणीच्या ओळी म्हणाल्या: लांबी ८, सगळी आस्की: नाही. लांबी अगदी बरोबर, माल भलताच.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत एकाच मशीनवर तीन लिप्या नांदतात. सभासदांची नोटीस मराठीत, सहकार खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये, मेल इंग्रजीत. विंडोज कळ आणि स्पेस दाबली की भाषा फिरते. नोटीस टाइप करून सेक्रेटरी थेट हिशेबाच्या खिडकीत येतात, कीबोर्ड अजून मराठी इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवरच. ‘के’ची कळ दाबली की ‘क’ जातो, ‘एच’ची दाबली की ‘प’. उघड्या प्रॉम्प्टवर हे पहिल्याच अक्षराला कळलं असतं.

इथं उपाय सोपा आहे आणि फार कमी लोक करतात. पासवर्ड चुकला असं सांगण्याआधी अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेला आकडा) बघा. पायथनमध्ये त्याला ऑर्ड. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, कन्नडचा ३२०० ते ३३२७. एक जरी अक्षर यात सापडलं तर संदेश बदला: ‘कीबोर्ड मराठीवर आहे, इंग्रजीवर घ्या’ किंवा ‘कीबोर्ड कन्नडवर आहे’. आणि हा प्रयत्न चुकीच्या प्रयत्नांत मोजू नका. आमच्याकडं तीन चुकांनंतर खातं बंद व्हायचं. बिचारे सेक्रेटरी महिन्यातून दोनदा स्वतःच्याच संस्थेतून हाकलले जात होते. विंडोज १० च्या कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवायची सोय आहे, तीही चालू केली. काळी खिडकी आता इंग्रजीवरच राहते.

व्हॉट्सॅपवरून चिकटवलेला पासवर्ड

तिसरा प्रकार नव्या मुलांचा. पासवर्ड कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेला, तो कॉपी करून कंट्रोल-व्ही. तपासणी म्हणते: लांबी १, न छापता येणारी १. जुन्या काळ्या खिडकीत गेटपासपुढं कंट्रोल-व्ही म्हणजे चिकटवणं नव्हे, २२ क्रमांकाचं एक अक्षर. तिथं माउसची उजवी कळ दाबली तर चिकटतं. नव्या विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही नीट चालतं, म्हणून एकाच्या मशीनवर ‘होतंय’ आणि दुसऱ्याच्या मशीनवर ‘होईना’.

लांबी एकानं जास्त आली तर शेवटी मोकळी जागा चिकटून आलीय असं समजा. नावांना मी बिनदिक्कत स्ट्रिप (आगेमागची मोकळी जागा काढणारं फंक्शन) लावतो. पासवर्डाला लावत नाही, कारण कुणी मुद्दाम शेवटी स्पेस ठेवली असेल तर ती त्याची मर्जी. तिथं फक्त सूचना देतो. नावाच्या टोकाला आलेली न तुटणारी जागा (क्रमांक १६०) स्ट्रिप काढून टाकतो, पण शून्य रुंदीची जागा (८२०३) तशीच सोडतो, कारण पायथन तिला मोकळी जागा मानतच नाही. ती स्वतः काढावी लागते. पासवर्ड व्हॉट्सॅपवर पाठवू नका हे मी सांगितलंय. ऐकलं जाईल असं वाटत नाही.

नावं: एकच माणूस, दोन खाती

पिनचं निस्तरताना मजकुराच्या प्रॉम्प्टकडंही बघितलं, तर ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या एका सभासदाची दोन खाती. शोध घेतला की एकच सापडायचं. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब.

आपला हा ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मधला अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली: ऱ हे स्वतंत्र अक्षर (२३५३), मग हलन्त (२३८१), मग ह (२३६१). दुसरी: साधा र (२३५२), त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब (२३६४), मग हलन्त आणि ह. तिसरी: साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (८२०५), मग ह. दिसायला तिन्ही एक, संगणकाला तीन वेगळे शब्द. युनिकोडची एनएफसी ही प्रमाण पद्धत दुसऱ्याला पहिल्यासारखं करते, पण तिसऱ्याला हातही लावत नाही. बरेच जण ‘एनएफसी केलंय की’ म्हणून निर्धास्त असतात, आणि घोटाळा नेमका तिथंच असतो. मी आधी एनएफसी करतो, मग ‘२३५२, २३८१, ८२०५’ ही तिकडी दिसेल तिथं ‘२३५३, २३८१’ घालतो. त्यानंतर साठवतो आणि शोधताना शोधाच्या शब्दावरही हेच करतो. एकाच बाजूला केलं तर उपयोग नाही.

देवनागरीत पासवर्ड ठेवू द्यावा का, हा प्रश्न मला एकानं विचारला. हीच तीन रूपं डोळ्यांपुढं ठेवा आणि फोनवरचा कीबोर्ड एक रूप पाठवतो, ऑफिसातला दुसरं, असं समजा. मी तरी देत नाही.

गावाच्या नावाला उघडा प्रॉम्प्ट ठेवूच नका. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, वर इंग्रजीतली दोन स्पेलिंगं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं आणि आमच्या यादीत आणखी एकाची भर पडली. क्रमांक देऊन यादीतून निवडायला लावा, नाहीतर पिनकोड विचारा. ५९०००१ ला सगळे एकच लिहितात.

रकमेचं मात्र पायथननं सुखद आश्चर्य दिलं. ‘५००’ देवनागरीत टाकलं तरी मजकुराचा आकडा करणारा इंट त्याचं पाचशेच करतो, कन्नड अंकांचंही करतो. ‘१,५०,०००’ असा स्वल्पविराम घातला की मात्र कोसळतो. ते आधी काढा. मोबाइल नंबर आपण आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून साठवतो, त्यामुळं तिथं देवनागरी अंक तसेच राहतात आणि शोध फसतो. एकेक अंक बदलून घ्या.

आणि ‘हो/नाही’ विचारणं मी बंद केलं. एका महिन्याच्या नोंदीत उत्तरं होती: हो, होय, व्हय, हौदू (कन्नड ‘होय’), बेडा (कन्नड ‘नको’), ओके, आणि एकदा नुसतं ‘बरं’. आता १ किंवा २. नुसतं एंटर दाबलं तर खोडायच्या कामात उत्तर ‘नाही’ धरतो.

रात्रीचा बॅकअप वाट बघत बसतो

ज्या कामापुढं माणूस बसलेला नसतो तिथं प्रॉम्प्ट ठेवला की तो एकतर ‘ईओएफ एरर’ (वाचायला काही उरलं नाही) देऊन पडतो, नाहीतर कुणीतरी टाइप करेल म्हणून रात्रभर ताटकळतो. आमचा बॅकअप चार रात्री असा ताटकळला होता. विचारण्याआधी स्टँडर्ड इनपुटला इझ-ए-टीटीवाय विचारा. समोर टर्मिनल नसेल तर न विचारता स्पष्ट चूक नोंदवून बाहेर पडा. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहायचा मोह होतो, तो टाळा. चालू प्रक्रियांच्या यादीत ती ओळ दिसते. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरात ठेवून कीरिंग लायब्ररीनं वाचणं बरं.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: टाइप केलेलं पडद्यावर उमटवण्याचं काम प्रोग्राम नाही, टर्मिनलचा ड्रायव्हर करतो. पासवर्डापुरतं ते बंद करायचं असतं. शेल स्क्रिप्टमध्ये ‘एसटीटीवाय’ या टर्मिनलच्या सेटिंगच्या आज्ञेनं बंद केलं आणि मधेच कंट्रोल-सी दाबलं तर ते बंदच राहतं, टर्मिनल मुकं होतं. न दिसता ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करा. एंटर दाद देत नसेल तर कंट्रोल-जे. पुढच्या वेळेसाठी स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (कंट्रोल-सी आलं तर काय करायचं ते सांगणारी आज्ञा) लावून ठेवा, किंवा सरळ बॅशचं ‘रीड’ त्याच्या ‘एस’ पर्यायासह वापरा.

व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) लॅबची पोरं दरवर्षी विचारतात म्हणून सी भाषेचं एक. स्कॅनएफनं वय वाचलं आणि लगेच एफगेट्सनं नाव मागितलं की नाव रिकामं येतं, कारण वयानंतरचं एंटर तिथंच पडून असतं. एफफ्लश इनपुटवर चालवणं भाषेच्या नियमात बसत नाही. सगळं एफगेट्सनं वाचा, शेवटचं एंटर काढा, मग आकडा करा. आणि गेट्स तर २०११ च्या प्रमाणातून काढूनच टाकलंय, जुन्या जर्नलातून उतरवू नका. जावात कन्सोल ‘नल’ मिळतोय म्हणणाऱ्यांनी प्रोग्राम एक्लिप्समधून न चालवता बाहेरच्या टर्मिनलवरून चालवून बघावा.

काम झालं की तपासणीच्या त्या तीन ओळी काढून टाका. आमच्याकडं त्या दोन आठवडे राहून गेल्या होत्या, आणि काउंटरपलीकडचा एक पिग्मी एजंट मला विचारत होता, “साहेब, ते ‘न छापता येणारी’ म्हणजे काय हो?”